डोक्यावरचं यंत्र आणि हाताचा सराव

(वाशी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय वैद्यकातला आहे, पण आम्ही त्याच्याकडे समीक्षेच्या अंगाने बघणार आहोत. कादंबरीची समीक्षा होते, नाटकाची होते. इथल्या विष्णुदास भावे नाट्यगृहात नवा प्रयोग लागला की त्यावर चार माणसं चार मतं मांडतात. पण घरातल्या माणसाच्या डोक्याला मार लागल्यावर जे पत्रक आपल्या हाती येतं, मोबाइलवर जो व्हिडिओ येऊन पडतो, त्याची समीक्षा कुणी करत नाही. नाटक पडलं तर तिकिटाचे पैसे जातात. इथे घरातली शिल्लक जाते, आणि तिच्यापेक्षा मोलाचे असे बरं होण्याचे सुरुवातीचे महिने जातात. म्हणून असा मजकूर नीट, ओळ न् ओळ वाचायला हवा.

विषय आहे मेंदूचं बाहेरून केलेलं उद्दीपन. कवटी न उघडता, चुंबकाने किंवा अगदी सौम्य विजेने मेंदूच्या एखाद्या भागावर परिणाम घडवायचा, आणि त्यातून मेंदूची इजा भरून यायला मदत होते का ते पाहायचं. वाशीसारख्या ठिकाणी हा प्रश्न कुणालाही लांबचा वाटू नये. एका बाजूला सायन-पनवेल महामार्ग, दुसऱ्या बाजूला पाम बीच रस्ता, तिसरीकडे ठाणे-बेलापूर रस्ता. एपीएमसीत ट्रकवर चढून मालाची चढउतार करणारी माणसं. बाथरूममध्ये पाय घसरलेले आजी-आजोबा. डोक्याला मार लागण्याच्या वाटा आपल्या रोजच्या वाटेवरच आहेत. शस्त्रक्रिया होते, जीव वाचतो, रुग्ण घरी येतो. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. हात उचलत नाही, शब्द सापडत नाही, लक्ष टिकत नाही, चिडचिड थांबत नाही. त्या दिवसांत कुणीतरी सांगतं, 'एक मशीन आलंय, डोक्यावर लावतात.'

आज जो मजकूर आम्ही वाचायला घेतलाय तो कुणा एका केंद्राचा नाही. अशा प्रचारात सुरात सूर मिळवून येणारी पाच विधानं आम्ही आमच्या शब्दांत मांडली आहेत. एक, शस्त्रक्रियेविना आणि दुष्परिणामाविना. दोन, मेंदूच्या झोपलेल्या पेशी जाग्या होतात. तीन, अमेरिकेच्या एफडीएची मान्यता आहे. चार, रुग्णांमध्ये लक्षणीय सुधारणा दिसते. पाच, इतक्या सत्रांचं पॅकेज. गंमत अशी की यातलं कुठलंच विधान सरळसरळ थाप नाही. थाप असती तर पकडणं सोपं होतं.

आधी यंत्र समजून घेऊ. दोन प्रकार मुख्य आहेत. पहिला टीएमएस. तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर मोठा विद्युतप्रवाह सोडला की बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वाहकात वीज निर्माण होते. हा फॅरेडेचा १८३१ सालचा शोध, आपण सगळे शाळेत शिकलोय. इथे तो जवळचा वाहक म्हणजे आपला मेंदू. इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली असं वेटोळं माणसाच्या डोक्यावर धरलं, आणि समोरच्या माणसाचा हात त्याने न हलवता हलला. विलक्षण गोष्ट होती ती, आजही आहे. या कॉइलचा थेट परिणाम मेंदूच्या पृष्ठभागापासून साधारण दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच होतो, हे मात्र लक्षात ठेवा.

दुसरा प्रकार टीडीसीएस. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला लावायचे आणि त्यांतून एक-दोन मिलिअँपियरचा प्रवाह वीस-एक मिनिटं सोडायचा. जर्मनीतल्या गटिंगेन इथे निट्शे आणि पाउलुस यांनी २००० साली दाखवलं की एवढ्याशा प्रवाहानेही मेंदूच्या हालचालीच्या भागाची संवेदनक्षमता थोडा वेळ कमी-जास्त होते. तेव्हापासून या पद्धतीवर ढीगभर संशोधन झालंय.

इथे एक गैरसमज दूर करू. 'डोक्याला शॉक देतात' असं लोक म्हणतात, ते याबद्दल नव्हे. शॉक ट्रीटमेंट म्हणतात ती १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी सुरू केली. तिच्यात भूल देऊन मुद्दाम फिट आणली जाते. आज आपण ज्याबद्दल बोलतोय त्यात रुग्ण पूर्ण जागा असतो, आणि फिट येऊ नये हीच काळजी घेतात.

आता पहिलं विधान. 'शस्त्रक्रियेविना' हे खरंच आहे. 'दुष्परिणामाविना' हे मात्र कुणाच्या बाबतीत, ते विचारायला हवं. धडधाकट माणसात टीएमएसने फिट येण्याची शक्यता फारच कमी, हे मान्य. पण आपला रुग्ण धडधाकट नाही. डोक्याला मोठी इजा झालेल्यांना पुढे फिट येण्याचा धोका मुळातच जास्त असतो, म्हणून तर त्यांतल्या बऱ्याच जणांना फिटच्या गोळ्या चालू असतात. शिवाय कवटी. मेंदूला सूज आली की सर्जन कवटीचा तुकडा काढून ठेवतात, आपल्याकडे तो अनेकदा पोटाच्या कातडीखाली सांभाळतात आणि काही महिन्यांनी परत बसवतात. घरचे लोक सांगतात ना, 'हाड पोटात ठेवलंय', तेच. आता ज्या डोक्यात हाडाच्या जागी पोकळी आहे किंवा धातूची जाळी आहे, तिथे वीज नेहमीच्या वाटेने जात नाही. धडधाकट माणसावर काढलेलं गणित या डोक्याला जसंच्या तसं लागू पडत नाही. डोक्यात क्लिप आहे का, पेसमेकर आहे का, कानात कॉक्लिअर इम्प्लांट आहे का, हे न विचारता कुणी कॉइल जवळ आणत असेल तर तिथून उठावं.

दुसरं विधान, 'झोपलेल्या पेशी जाग्या होतात'. भाषेची समीक्षा करायची तर हे वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. झोप ही प्रतिमा आपल्याला धीर देते. झोपलेला माणूस उठतोच, फक्त हाक मारणारा हवा. पण इजेत ज्या पेशी मेल्या त्या मेल्या, हाक मारून उठणार नाहीत. ज्या वाचल्या त्यांच्यापुढे झोपेचा नव्हे, जोडणीचा प्रश्न असतो. रस्त्यावरच्या अपघातात डोकं गरकन फिरतं तेव्हा मेंदूच्या एका ठिकाणाला जखम होते असं नाही. एका भागाला दुसऱ्याशी जोडणारे लांबलचक तंतू ठिकठिकाणी ताणले जातात, तुटतात. इमारतीतला एक दिवा गेला तर बल्ब बदलता येतो. वायरिंगच दहा ठिकाणी सैल झालं असेल तर एका बटणावर बोट ठेवून काय होणार? पक्षाघातात इजा बहुधा एका जागी असते, अपघाताच्या इजेत ती पसरलेली असते. तरीही प्रचारात दोन्ही एका ओळीत येतात, आणि त्याच ओळीत नैराश्य, ऑटिझम, निद्रानाशही.

आणखी एक. 'उद्दीपन' म्हणजे जागं करणं, वाढवणं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात टीएमएसचा वेग बदलला की परिणामाची दिशा बदलू शकते. सेकंदाला एक ठोका या संथ गतीने दिलं तर त्या भागाची संवेदनक्षमता सहसा कमी होते, जलद गतीने दिलं तर वाढते. पक्षाघातात अनेकदा मेंदूच्या चांगल्या बाजूला संथ ठोके दिले जातात, म्हणजे ती बाजू मुद्दाम दबवली जाते. कल्पना अशी की दोन्ही बाजू तराजूच्या पारड्यांसारख्या एकमेकींना दाबत असतात. एक दुबळी झाली की दुसरी डोईजड होते, म्हणून तिला आवरायचं. पेशी जाग्या करण्याच्या नेमकी उलट गोष्ट! आणि टीडीसीएसचं म्हणाल तर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मृतदेहांवर मोजमाप करून दिसलं की डोक्यावर लावलेल्या विजेचा सुमारे तीन-चतुर्थांश प्रभाव त्वचा आणि कवटीतच विरतो. परिणाम होतच नाही असा याचा अर्थ नाही. पण 'हाक मारून जागं करणं' या प्रतिमेत जो नेमकेपणा वाटतो तो इथे नाही.

तिसरं, एफडीएची मान्यता. अमेरिकेच्या एफडीएने टीएमएसच्या यंत्राला २००८ साली परवानगी दिली. ती होती नैराश्यासाठी, तीही औषधांनी बरं न वाटलेल्या रुग्णांसाठी. पुढे २०१३ साली मायग्रेनच्या एका प्रकारासाठी, २०१८ साली मंत्रचळासाठी म्हणजे ओसीडीसाठी, २०२० साली धूम्रपान सोडण्यासाठी. नैराश्यातला पुरावा भक्कम आहे, त्याबद्दल आम्हाला शंका नाही. २०१८ साली कॅनडातल्या ४१४ रुग्णांच्या चाचणीत तर साडेसदतीस मिनिटांच्या सत्राइतकाच गुण तीन मिनिटांच्या सत्रानेही येतो असं दिसलं. ज्याला जे श्रेय आहे ते द्यायलाच हवं. पण या यादीत अपघाताने झालेली मेंदूची इजा नाही, लकव्याने गेलेला हातही नाही. मान्यता यंत्राला एका कामासाठी मिळते, आणि पत्रकात ती सगळ्याच कामांवर पांघरली जाते. ड्रायव्हिंग लायसन्स स्कूटरचं असेल तर ते दाखवून बस चालवता येत नाही, इतकं साधं आहे हे. डॉक्टर मान्यतेपलीकडचा वापर करू शकतात, वैद्यकात तसं चालतंही. पण मग रुग्णाला तसं स्पष्ट सांगायला हवं ना?

चौथं विधान, 'लक्षणीय सुधारणा दिसते'. आता जरा नीट ऐका, कारण आजच्या बोलण्याचा गाभा इथे आहे.

अमेरिकेत बारा केंद्रांवर एक मोठी चाचणी झाली. नाव 'निश', निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. पक्षाघात होऊन तीन महिने ते वर्ष झालेले, एक हात दुबळा झालेले १९९ रुग्ण. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला खरी कॉइल, मेंदूच्या चांगल्या बाजूला संथ ठोके, म्हणजे मघाशी सांगितलेलं तराजूचं तत्त्व. दुसऱ्या गटाला लुटुपुटूची कॉइल. तिचाही तसाच टकटक आवाज येतो. आपल्याला कोणती मिळतेय हे रुग्णाला कळत नाही. सहा आठवड्यांत अठरा सत्रं झाली. सहा महिन्यांनी पुन्हा हाताची परीक्षा घेतली. तिचे एकूण गुण ६६ असतात, त्यात किमान पाच गुणांची वाढ म्हणजे अर्थपूर्ण सुधारणा असं आधीच ठरवलेलं होतं.

निकाल काय लागला? खरी कॉइल मिळालेल्यांपैकी ६७ टक्के लोकांत सुधारणा. आता एवढंच वाक्य घेऊन पत्रक छापा. 'शंभरातल्या सदुसष्ट रुग्णांचा हात सुधारला!' एकही अक्षर खोटं नाही. पण पुढचं वाक्य असं आहे की लुटुपुटूची कॉइल मिळालेल्यांतही ६५ टक्के सुधारले. म्हणजे यंत्राचा स्वतःचा वाटा जवळजवळ शून्य. तराजूची कल्पना कागदावर इतकी देखणी होती, आणि ती या परीक्षेत उतरली नाही.

पण बहुतेक लोक इथेच वाचणं थांबवतात, 'चाचणी फसली' म्हणतात आणि पान उलटतात. आमच्या मते हे वाचन अपुरं आहे. प्रश्न असा पडायला हवा की लुटुपुटूची कॉइल मिळालेले ६५ टक्के लोक कशाने सुधारले? थोडं श्रेय निसर्गाचं, काळाचं. पण त्या चाचणीत आणखी एक गोष्ट होती जी दोन्ही गटांना अगदी खरीखुरी मिळत होती. प्रत्येक सत्रात कॉइलनंतर तासभर हाताचा सराव. प्रशिक्षित माणूस समोर बसून, त्या रुग्णाला जमेल पण सहज जमणार नाही अशी कामं करून घेत होता. पेला उचलणं, वस्तू ठेवणं, पकड घट्ट करणं. असे अठरा तास. पक्षाघाताला काही महिने उलटल्यावर 'आता काय व्हायचं ते होऊन गेलं' असं नातेवाइकांना ज्या टप्प्यावर ऐकावं लागतं, त्याच टप्प्यावरच्या माणसांपैकी तीनांतल्या जवळजवळ दोघांचा हात सुधारला. यंत्राची चाचणी फसली आणि सरावाबद्दल एक आशेची गोष्ट सांगून गेली. फक्त तिचं पत्रक कुणी छापलं नाही, कारण सरावाचं मशीन विकता येत नाही.

टीडीसीएसची गोष्टही पुष्कळशी अशीच झाली. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत लकव्याच्या रुग्णांचे तीन गट होते. लुटुपुटूचा प्रवाह, दोन मिलिअँपियर आणि चार मिलिअँपियर. सोबत सगळ्यांना हाताचा कसून सराव. विजेमुळे वेगळा फायदा दिसला नाही.

मग यंत्रं सगळी थोतांड आहेत का? असं म्हणणारेही आपल्यात पुष्कळ आहेत, डॉक्टरांमध्येही आहेत. त्यांच्याशीही आमचा वाद आहे. २०२१ साली एका वेगळ्या उपकरणाची चाचणी आली. ते बाहेरून लावायचं नाही, शस्त्रक्रिया करून बसवायचं, मानेतल्या व्हेगस नावाच्या नसेला विजेचा हलका झटका देणारं. १०८ रुग्ण, पक्षाघात होऊन नऊ महिने ते दहा वर्षं झालेले. हाताची हालचाल करत असतानाच नेमका झटका द्यायचा. सहा आठवड्यांनी खऱ्या उपकरणाच्या गटाचे सरासरी पाच गुण वाढले, लुटुपुटूच्या गटाचे २.४. फरक छोटा, पण खरा. त्याच वर्षी एफडीएने त्याला परवानगी दिली. यातून शिकायचं काय? उद्दीपन हे सरावाच्या क्षणाला जोडलेलं होतं. स्वयंपाकात मीठ असतं तसं. मीठ भाजीत पडलं तर चव येते. नुसतं मीठ खाऊन कुणाचं पोट भरत नाही.

आता थेट डोक्याच्या इजेकडे येऊ. इथे परिस्थिती आणखी नाजूक आहे. इजेनंतरच्या नैराश्यावर टीएमएस देऊन पाहिलेल्या चाचण्या आहेत, पण त्या डझन-दोन डझन रुग्णांच्या, आणि निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. शुद्धीचा प्रश्न असलेल्या रुग्णांवर बेल्जियममध्ये टीडीसीएसची एक चाचणी झाली, २०१४ साली प्रसिद्ध झाली. थोडीफार जाणीव शिल्लक असलेले ३० रुग्ण होते. त्यांपैकी १३ जणांमध्ये एका सत्रानंतर काही खुणा दिसल्या, म्हणजे सूचनेला प्रतिसाद देणं वगैरे. जाणिवेची खूणच नसलेल्या २५ रुग्णांच्या गटात परिणाम दिसला नाही. घरच्या माणसासाठी डोळ्यांनी केलेला एक इशाराही लाखमोलाचा असतो, त्याची थट्टा आम्ही करणार नाही. हे संशोधन चालू राहायलाच हवं. पण 'संशोधन चालू आहे' आणि 'उपचार उपलब्ध आहे' या दोन वाक्यांमध्ये जे अंतर आहे, ते पत्रकात एका उडीत पार केलेलं असतं.

तुलनेसाठी सांगतो. अपघातानंतर चार ते सोळा आठवड्यांत शुद्धीवर न आलेल्या १८४ रुग्णांना अमँटाडीन ही पार्किन्सनसाठी वापरली जाणारी जुनी गोळी देऊन पाहिली. २०१२ सालची चाचणी. चार आठवडे गोळी चालू असताना त्यांची प्रगती खोट्या गोळीपेक्षा वेगाने झाली, बंद केल्यावर तो वेग मंदावला. चमत्कार नव्हे, पण मोजलेला, सांगता येण्याजोगा परिणाम. २०१८ सालच्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत ती आली. ती प्रत्येकाला चालते असं नाही, ते डॉक्टरांनी ठरवायचं. पण वाशीत कितीजणांनी तिचं नाव ऐकलंय? आणि मशीनचं किती जणांनी? आपल्यापर्यंत काय पोचतं हे पुराव्यावर ठरत नाही, जाहिरातीवर ठरतं. आमची खरी तक्रार ही आहे.

पाचवं विधान, पॅकेज. सत्रं मोजायची कशाची? यंत्राची. घरचे लोक मग तसेच मोजायला लागतात. 'बारा झाली, आठ राहिली.' रुग्णाला रिक्षात घालून न्यायचं, अर्धा तास खुर्चीत बसवायचं, परत आणायचं. थकून तो संध्याकाळी झोपतो. घरी येणारा फिजिओ बंद केलेला असतो, कारण दोन्ही खर्च झेपत नाहीत. इथे नुकसान नुसतं पैशांचं नाही. इजेनंतरचे पहिले सहा महिने ते वर्षभर सुधारणेचा वेग सगळ्यांत जास्त असतो. त्या काळात सरावाचे तास घटले, तर जे उपयोगी पडलं असतं तेच आपण मशीनच्या पायी सोडून दिलं, असं होतं.

आणि या सरावाची परंपरा आपल्याकडे नाही असं थोडंच आहे? १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. भारतातली पहिली. त्या मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लुंडी. लग्न करून इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची. व्यवसायोपचाराचं सूत्र सरळ आहे. माणूस काम करत करतच पुन्हा कामाचा होतो. चहा करणं, सदऱ्याची बटणं लावणं, सुटे पैसे मोजून देणं, रेल्वेचा जिना चढणं, हाच व्यायाम आणि हीच परीक्षा. पाच वर्षांनी, १९५५ साली, हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था उभी राहिली. सत्तर वर्षांचा वारसा आहे हा. पण वाशीहून खाडी ओलांडून, चालता न येणाऱ्या माणसाला घेऊन आठवड्यातून तीनदा हाजी अलीला जाणं किती घरांना जमेल? गेलेल्या जीवाला परत आणणारी यंत्रणा आपण शहरभर उभी केली. परत आलेल्या माणसाला पुन्हा उभं करणारी यंत्रणा वॉर्डात, वस्तीत नाही. ती जागा रिकामी आहे म्हणून तिथे पॅकेज येऊन बसलंय. पत्रक छापणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण ही रिकामी जागा कुणाची, हा प्रश्न महापालिकेला आणि सरकारला आपणच विचारायचा आहे.

कायद्याचं थोडं सांगतो. आक्षेपार्ह जाहिरातींचा १९५४ सालचा कायदा आहे, ज्याला लोक जादुई उपायांचा कायदा म्हणतात. ज्या आजारांवर उपाय असल्याची जाहिरात करता येत नाही त्यांची त्याला यादी जोडलेली आहे. तिच्यात पक्षाघात आहे, अपस्मार आहे, आणि चक्क 'मेंदूचे रोग व विकार' असंही आहे. त्यातली औषधाची व्याख्या शरीराच्या रचनेवर किंवा कार्यावर परिणाम करणाऱ्या कुठल्याही वस्तूपर्यंत जाते. टीएमएसची कॉइल त्यात बसते की नाही हा वकिलांचा विषय. आम्हाला दिसतं ते एवढंच, की हताश घराला काहीही विकता येतं हे १९५४ सालीही कायदा करणाऱ्यांना कळलं होतं. दुसरी गोष्ट, आपल्याकडे वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही आहे, सीटीआरआय नावाची. २००७ साली सुरू झाली, कुणीही मोफत बघू शकतं. एखादं केंद्र म्हणालं, 'आम्ही यावर संशोधन करतोय', तर नोंदणी क्रमांक मागा. आणि जो उपचार अजून संशोधन आहे, त्याचे पैसे रुग्णाकडून का घेताय, हेही विचारा.

शेवटी, घरी नेण्यासाठी पाच प्रश्न. पाच विधानांना पाच प्रश्न, म्हणजे लक्षात राहील. आमच्या रुग्णाच्या कवटीची आणि फिटची स्थिती पाहून तुम्ही हे ठरवलंत का? तुम्ही मेंदूचा कुठला भाग निवडलाय, त्याला वाढवणार आहात की दबवणार, आणि का? ही मान्यता आमच्या आजाराला आहे की दुसऱ्या? तुम्ही सांगताय ती सुधारणा लुटुपुटूच्या उपचाराशी ताडून पाहिलेली आहे का? आणि पाचवा, सगळ्यांत महत्त्वाचा: यंत्राच्या वीस मिनिटांना जोडून सराव किती तास, कोण घेणार, कोणत्या कामाचा? या पाचव्या प्रश्नाला जिथे नीट उत्तर मिळेल, तिथे यंत्र असलं तरी आमची हरकत नाही. जिथे उत्तर मिळणार नाही, तिथे यंत्र कितीही नवं असो, तुमचा माणूस नुसता खुर्चीत बसून परत येणार आहे.

डॉक्टरांना असं विचारायचा संकोच वाटतो, ठाऊक आहे. पण चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. तो खुर्ची पुढे ओढून बसतो आणि कागदावर चित्र काढायला लागतो.

एवढं बोलून थांबतो. कुणाच्या घरी सध्या असा रुग्ण असेल तर त्यांनी आधी प्रश्न विचारावेत, बाकीच्यांनी थोडं थांबावं. माइक मागच्या रांगेपासून फिरवूया.